जठरव्रण फुटल्यास काय करावे: शस्त्रक्रियेपूर्वी, शस्त्रक्रियेत आणि घरी परतल्यावर

जठराच्या किंवा लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या, म्हणजे आद्यांत्राच्या, भिंतीतील व्रण (अल्सर) आरपार गेला की जठरातले आम्ल, पित्त आणि अर्धवट पचलेले अन्न उदरपोकळीत सांडू लागते. या विकारावरची नेहमीची शस्त्रक्रिया तशी फार गुंतागुंतीची नसते. छिद्र बहुधा सेंटिमीटरभरही नसते आणि ते बुजवण्याची पद्धत शंभर वर्षे जुनी होत आली आहे. तरीही जगभरातील अहवालांत या विकाराचे मृत्युप्रमाण कोठे ३ टक्के, तर कोठे ३० टक्क्यांच्या घरात आढळते. ही तफावत मुख्यतः रुग्ण किती उशिरा आला, त्याचे वय काय आणि त्याला आधीपासून कोणते आजार होते यांतून निर्माण होते. म्हणूनच या लेखात शस्त्रक्रियेइतकाच विचार तिच्या आधीच्या काही तासांचा आणि नंतरच्या काही आठवड्यांचा केला आहे, कारण त्या दोन्ही काळांतले निर्णय बरेचसे घरच्यांच्या हातात असतात.

दुखणे ओळखणे

व्रण फुटल्याचे दुखणे हळूहळू वाढत जात नाही, ते अचानक सुरू होते. कित्येक रुग्ण दुखणे कधी सुरू झाले याची नेमकी वेळ सांगू शकतात, आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांच्या दृष्टीने ही माहिती फार मोलाची असते. वेदना प्रथम छातीच्या हाडाखाली, पोटाच्या वरच्या भागात सुरू होते व मग सगळ्या पोटात पसरते. कधी उजव्या खांद्याच्या टोकाशीही कळ जाणवते, कारण उदरातील हवा व आम्ल छाती आणि पोट यांमधल्या श्वासपटलाला डिवचत असतात. रुग्ण तळमळत कूस बदलत नाही, उलट निश्चल पडून राहतो, कारण जराशी हालचाल, खोकला किंवा वाहनाचा धक्काही त्याला सोसत नाही. पोटावर हात ठेवला तर ते फळीसारखे कडक लागते.

यानंतर एक फसवा टप्पा येऊ शकतो, आणि घरचे बहुतेक तेथेच चुकतात. पहिल्या काही तासांनंतर पोटात झिरपलेल्या द्रवामुळे आम्ल पातळ होते आणि वेदना थोडी उतरल्यासारखी वाटते. रुग्णाला जरा डोळा लागतो, घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात (गोमेकॉत) जाणे उद्यावर ढकलले जाते. प्रत्यक्षात याच अवधीत जंतूंची वाढ होऊन उदरावरणाचा दाह आम्लजन्य न राहता जंतुजन्य होत असतो. म्हणून वेदना जशी अचानक आली तशीच कोणत्याही उपचाराविना ओसरली, पण पोट कडकच राहिले, नाडी जलद चालू लागली किंवा लघवी कमी झाली, तर ते बरे होण्याचे लक्षण समजू नये.

वयस्कर माणसे, मधुमेही आणि दमा किंवा संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे रुग्ण यांच्यात ही ठळक चित्रे दिसतीलच असे नाही. सत्तरीतल्या आजीला नुसती अस्वस्थता, मळमळ, पोटफुगी आणि घाम एवढेच जाणवत असेल, तरीही छिद्र पडलेले असू शकते. किंबहुना अशाच रुग्णांचे निदान सर्वाधिक उशिरा होते. कधी सांडलेला द्रव उजवीकडून खाली ओघळतो आणि दुखणे अपेंडिक्ससारखे भासते. मूकपटांचा प्रसिद्ध अभिनेता रुडॉल्फ व्हॅलेंटिनो १९२६ साली वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी अशाच आजारात दगावला, आणि या फसव्या चित्राला आजही त्याच्या नावाने ओळखले जाते.

निघण्यापूर्वी घरी काय करावे

सर्वांत महत्त्वाची सूचना आधी: रुग्णाच्या तोंडात काहीही देऊ नये. ओवा, जिऱ्याचे पाणी, खाण्याचा सोडा, कोकमाचे आगळ, पोटदुखीवर म्हणून फेणीचा घोट, किंवा फार्मसीतून आणलेले गॅसवरचे पातळ औषध, यांपैकी जे काही घशाखाली जाईल ते छिद्रातून उदरपोकळीतच जाणार आहे. तहान लागली असेल तर ओठ ओल्या कापडाने पुसावेत. वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नये, कारण अनेकदा त्याच गोळ्यांमुळे व्रण फुटलेला असतो. पोट शेकू नये आणि चोळूही नये.

१०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला दुचाकीवर मध्ये बसवून नेण्याचा प्रकार खेडेगावात अजूनही पाहायला मिळतो. या आजारात तो टाळावा, कारण रुग्णवाहिकेत शिरेतून द्रव सुरू करता येतो आणि पुढच्या रुग्णालयाला आगाऊ कळवता येते. कोठे न्यावे याचा विचारही आधी करून ठेवलेला बरा. वाळपई किंवा साखळी येथील आरोग्य केंद्रात प्राथमिक तपासणी, सलाइन आणि संदर्भपत्र मिळेल, पण या रुग्णाला शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी आणि गरज पडल्यास अतिदक्षता विभाग या चारही गोष्टी एका छपराखाली लागतात. म्हापशाचे जिल्हा रुग्णालय, ज्याला जुनी माणसे अजून आझिलोच म्हणतात, मडगावचे जिल्हा रुग्णालय आणि बांबोळीचे गोमेकॉ ही सरकारी ठिकाणे डोळ्यांसमोर असावीत. काणकोण किंवा सत्तरी तालुक्याच्या आडगावातून निघालेल्यांनी, तसेच पत्रादेवीपलीकडून, बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग भागातून येणाऱ्यांनी, वाटेत दोन-तीन दवाखाने हिंडत वेळ दवडण्यापेक्षा पहिल्याच डॉक्टरला थेट विचारावे: या रुग्णावर आज रात्री शस्त्रक्रिया येथे होऊ शकेल का? उत्तर नकारार्थी असेल तर तेथे फक्त शीर लावून घ्यावी आणि पुढे निघावे.

बरोबर न्यायच्या गोष्टींत रुग्ण घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे प्रथम घ्यावीत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेहाच्या गोळ्या, यांपैकी काय चालू आहे हे तोंडी सांगण्यात नेहमी गोंधळ होतो. शेवटचे खाणे-पिणे किती वाजता झाले, दुखणे किती वाजता सुरू झाले, दारू व तंबाखूचे प्रमाण किती, हे एका कागदावर लिहून घ्यावे. दारूविषयी डॉक्टरांपासून काही लपवू नये; रोज पिणाऱ्या माणसाला शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम आणि कंप होऊ शकतो आणि ते आधी माहीत असेल तर टाळता येते. आधार कार्ड आणि असल्यास गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड सोबत असावे. २०१६ पासून चालू असलेल्या या योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र कार्ड सापडत नाही म्हणून निघणे लांबवू नये. ते मागाहून आणता येते.

रुग्णालयात पोहोचल्यावर

उभ्या स्थितीत काढलेला छातीचा एक्स-रे ही पहिली तपासणी. श्वासपटलाखाली हवेची काळी चंद्रकोर दिसली तर निदान जवळजवळ निश्चित होते. पण सुमारे चारांपैकी एका रुग्णात ती दिसत नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला म्हणून घरी परतण्याचा आग्रह धरू नये. शंका असेल तर सीटी स्कॅन करतात आणि त्यात अगदी थोडी हवाही सापडते. ईसीजी आणि रक्तातील लायपेज यांच्या तपासण्या हृदयविकाराचा झटका व स्वादुपिंडाचा दाह वगळण्यासाठी असतात, म्हणून ‘पोट दुखत असताना हृदयाची तपासणी कशाला’ असा वाद घालण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रियेची तयारी चालू असताना नाकातून जठरात नळी घालतात, जेणेकरून जठर रिकामे राहील आणि गळती कमी होईल. लघवीची नळी घालतात, कारण तासागणिक लघवी मोजल्याशिवाय मूत्रपिंडे तग धरून आहेत की नाहीत हे कळत नाही. शिरेतून भरपूर द्रव, प्रतिजैविके, आम्ल रोखणारे औषध आणि पुरेसे वेदनाशामक इंजेक्शन दिले जाते. नातेवाइकांना हा काळ वाया गेल्यासारखा वाटतो, परंतु रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला तसाच टेबलावर घेणे धोक्याचे असते. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: तयारीच्या नावाखाली विलंब लांबू देता येत नाही. डेन्मार्कमध्ये अडीच हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की दाखल झाल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत शस्त्रक्रिया जितके तास लांबते, तितक्या प्रत्येक तासामागे जगण्याची शक्यता आधीच्या तासापेक्षा २.४ टक्क्यांनी घटते. तेव्हा घरातल्या थोरल्या माणसाची किंवा मुंबईहून येणाऱ्या मुलाची वाट पाहत संमतिपत्रावरची सही अडवून ठेवू नये. फोनवर बोलून घ्यावे, रक्तासाठी दात्यांची सोय लावावी आणि सही करावी.

धोका किती, हे संमती देतानाच विचारावे. त्यासाठी शल्यचिकित्सक बऱ्याचदा बोई नावाच्या शल्यचिकित्सकाचे तीन प्रश्नांचे साधे मोजमाप वापरतात: दाखल होताना वरचा रक्तदाब ९० पेक्षा कमी होता का, दुसरा गंभीर आजार आहे का, आणि छिद्र पडून २४ तास उलटले आहेत का. तिन्हींची उत्तरे ‘नाही’ असतील तर बहुतेक रुग्ण बरे होतात. प्रत्येक ‘हो’बरोबर धोका चढत जातो, आणि तिन्ही ‘हो’ असतील तर घरच्यांनी मनाची तयारी ठेवावी लागते. हे मोजमाप १९८० च्या दशकातले आहे आणि त्यानंतर अतिदक्षता उपचार पुष्कळ सुधारले आहेत, त्यामुळे त्यातील आकडे भाकीत म्हणून धरू नयेत. कोणत्या रुग्णाला किती जवळून सांभाळायचे हे ठरवण्यासाठी मात्र ते अजून उपयोगी पडते.

शस्त्रक्रियेत नेमके काय होते

पोट मधोमध उघडून, अथवा रुग्ण स्थिर असेल व कौशल्य उपलब्ध असेल तर दुर्बिणीद्वारे, आधी सांडलेले सर्व द्रव्य शोषून घेतात आणि मग छिद्र शोधतात. ते बहुधा आद्यांत्राच्या पुढच्या भिंतीवर असते. आतड्यांवर पदरासारखी पसरलेली जी चरबीची झालर असते, जिला वपा म्हणतात, तिचा रक्तपुरवठा शाबूत असलेला तुकडा छिद्रावर आणून टाक्यांनी हलकेच बांधतात. सेलन-जोन्स यांनी १९२९ मध्ये आणि कॅनडाच्या रॉस्को ग्रॅहम यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या पद्धतींचेच हे आजचे रूप असून रुग्णालयात सर्रास ‘ग्रॅहम पॅच’ असे म्हटले जाते. त्यानंतर उदरपोकळी कोमट सलाइनने धुतात; गरजेनुसार एखादी निचऱ्याची नळी, म्हणजे ड्रेन, ठेवतात. मूळ काम तासा-दीड तासाचे असते. पोट जितके दूषित, तितका धुण्याला वेळ अधिक.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेविषयी लोकांत अवाजवी आग्रह दिसतो. तिच्यात वेदना आणि जखमेचा संसर्ग कमी असतो हे खरे, पण जीव वाचण्याच्या बाबतीत ती उघड्या शस्त्रक्रियेपेक्षा निर्विवाद श्रेष्ठ ठरलेली नाही. रक्तदाब घसरलेल्या, उशिरा आलेल्या किंवा मोठे छिद्र असलेल्या रुग्णात पोट उघडणेच शहाणपणाचे. तेव्हा दुर्बिणीच्या सोयीसाठी रुग्णाला दुसऱ्या रुग्णालयात हलवणे म्हणजे लहान जखमेच्या बदल्यात तास गमावणे होय.

छिद्र दोन सेंटिमीटरहून मोठे असेल तर साधा पॅच टिकण्याची खात्री कमी होते. अशा वेळी जठराचा काही भाग काढणे, जठराचे द्वार तात्पुरते बंद करून जठर लहान आतड्याला जोडणे किंवा पोषणासाठी लहान आतड्यात नळी ठेवणे असे मार्ग शल्यचिकित्सक पोट उघडल्यावरच ठरवतात, म्हणून संमतिपत्रात ‘गरजेनुसार अन्य शस्त्रक्रिया’ असे शब्द असतात. व्रण जठरातला असेल तर त्याच्या कडेचा तुकडा तपासणीला पाठवणे आवश्यक असते, कारण जठराचा कर्करोगही याच रूपाने प्रकट होऊ शकतो. तो अहवाल यायला काही दिवस लागतात आणि तोपर्यंत रुग्ण घरी गेलेला असतो. तुकडा पाठवला होता का आणि अहवाल कोठे मिळेल, हे डिस्चार्जच्या वेळी विचारून डिस्चार्ज कार्डावरच लिहून घ्यावे. माझ्या मते संपूर्ण उपचारात घरच्यांकडून सर्वाधिक दुर्लक्षित राहणारा कागद हाच.

शस्त्रक्रियेविना, केवळ नळी, द्रव आणि औषधांवर छिद्र आपोआप बुजते का, असेही विचारले जाते. निवडक रुग्णांत बुजते. हाँगकाँगमध्ये ८३ रुग्णांवर झालेल्या आणि १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधोपचाराच्या गटातील ४० पैकी ११ जणांना अखेर शस्त्रक्रिया करावीच लागली, आणि सत्तरीपुढच्या रुग्णांत हा मार्ग अधिक फसला. त्यामुळे हा पर्याय तपासणीत गळती थांबल्याचे सिद्ध झालेल्या, स्थिर आणि तरुण रुग्णापुरताच, तोही शस्त्रक्रियागृह सज्ज असलेल्या ठिकाणी विचारात घ्यावा. शस्त्रक्रियेच्या भीतीपोटी तो मागून घेऊ नये.

वॉर्डातले दिवस

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवसापासून रुग्णाला बसवणे आणि आधार देऊन चालवणे हे नातेवाइकांचे खरे काम. टाके तुटतील या धास्तीने त्याला निजवून ठेवले तर फुप्फुसाच्या तळाशी कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. या शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीत न्यूमोनिया आणि जखमेचा संसर्ग हे दोन आघाडीवर आहेत. तीन चेंडूंचे स्पायरोमीटर, म्हणजे श्वासाच्या व्यायामाचे उपकरण, दिले असेल तर ते जागेपणी दर तासाला वापरायला लावावे आणि खोकताना जखमेवर उशी दाबून धरावी. नाकातली नळी रुग्णाला नकोशी होते, पण ती त्याने ओढून काढू नये यावर लक्ष ठेवावे. पाणी व अन्न कधी सुरू करायचे ते डॉक्टर आतड्यांची हालचाल, वायू सरणे आणि पोटाची स्थिती पाहून ठरवतात. प्रथम पाण्याचे घोट, नंतर पातळ पेज, मग आटवल असा क्रम ठीक. भेटायला येणाऱ्यांनी आणलेले शहाळे किंवा फळांचा रस परिचारिकेला विचारल्याशिवाय देऊ नये.

पाचव्या दिवसानंतर ताप पुन्हा चढला, उचकी लागून राहिली, पोट फुगले किंवा ड्रेनमधून पित्ताच्या रंगाचे पाणी येऊ लागले तर पॅच गळत असल्याची किंवा पोटात पू साचल्याची शंका घ्यावी लागते आणि ते लगेच सांगावे. जखमेतून एकाएकी गुलाबी पाणी वाहू लागणे ही आतले थर उसवत असल्याची खूण असते. अशा वेळी रुग्णाला आडवे ठेवून जखमेवर सलाइनने ओले केलेले स्वच्छ कापड ठेवावे आणि डॉक्टरांना तत्काळ बोलवावे.

घरी परतल्यावर

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात. सहा आठवडे घागर, गॅसचा सिलिंडर किंवा नारळाचे पोते उचलू नये. चिऱ्याचे दगड उचलण्यासारखी अंगमेहनतीची कामे करणाऱ्याने त्याहूनही सावकाश कामावर परतावे, नाहीतर जखमेच्या जागी हर्निया होतो. तिखट पूर्ण वर्ज्य करण्याची गरज नसते. मासे-भात खाल्ल्याने व्रण होत नाही. जे सोसत नाही ते टाळावे, एवढे पुरे.

खरे पथ्य दुसरेच आहे. पॅचने छिद्र बुजते, व्रण होण्याचे कारण तसेच राहते. पूर्वी त्यावर उपाय म्हणून त्याच वेळी जठराला आम्ल निर्माण करायला लावणारे मज्जातंतू कापत असत. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातील दोघांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू व्रणामागचे एक मुख्य कारण असल्याचे दाखवून दिल्यावर ती शस्त्रक्रिया जवळजवळ मागे पडली, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या हाँगकाँगच्या एका चाचणीत, छिद्र बुजवल्यानंतर या जंतूवर उपचार केलेल्यांपैकी ४.८ टक्के रुग्णांत वर्षभरात व्रण पुन्हा आढळला, तर नुसते आम्लरोधक औषध घेतलेल्यांत ३८.१ टक्के रुग्णांत. इतका स्पष्ट फरक वैद्यकात क्वचितच दिसतो. तरीही टाके निघाले की पुन्हा ओपीडीत न जाणारे अनेक असतात.

तपासणीत जंतू सापडल्यास आम्लरोधक औषधाबरोबर दोन किंवा अधिक प्रतिजैविके, साधारण चौदा दिवस, एकही मात्रा न चुकवता घ्यावीत. तोंडाला कडू चव येते, शौचास पातळ होते, म्हणून ती मध्येच सोडू नयेत. त्यात मेट्रोनिडॅझोल किंवा टिनिडॅझोल असेल तर त्या काळात हुर्राक, फेणी, बिअर सगळेच बंद. औषधे संपल्यानंतर किमान चार आठवड्यांनी जंतू गेला का हे श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने पाहतात आणि त्याआधी दोन आठवडे आम्लरोधक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागते, अन्यथा तपासणी खोटा दिलासा देते. व्रण जठरातला असेल तर सहा ते आठ आठवड्यांनी एंडोस्कोपी करून तो भरला का हे पाहणे आणि न भरल्यास पुन्हा तुकडा घेणे आवश्यक आहे.

तंबाखू आणि विडी-सिगारेट सोडावी, कारण त्यांनी व्रण भरण्यात अडथळा येतो. गुडघेदुखी, कंबरदुखी, डोकेदुखी यांसाठी फार्मसीत जाऊन ‘दुखण्याची गोळी’ मागणे कायमचे थांबवावे. आपल्याला अल्सर फुटून शस्त्रक्रिया झाली आहे हे प्रत्येक डॉक्टरला, दंतवैद्यालाही, आधी सांगावे आणि साध्या वेदनेवर योग्य मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावे. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असलेल्या रुग्णाचा प्रश्न वेगळा असतो. ते स्वतःहून बंद केले तर हृदयाला धोका आणि संरक्षणाविना चालू ठेवले तर व्रणाला आमंत्रण, म्हणून हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक या दोघांना एकमेकांचे कागद दाखवून, आम्लरोधक गोळीच्या जोडीने ते कधी सुरू करायचे हे लेखी ठरवून घ्यावे.